मी पाणी सांगत नाही

2008 सालच्या मे महिन्यात गोंदियातल्या एका महाविद्यालयाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक नागपूरला गेले आणि विद्यापीठात जमा केलेल्या आपल्या पीएच.डी.च्या प्रबंधातलं चौथं प्रकरण त्यांनी परत मागितलं. प्रबंध जमा होऊन आठवडाही झाला नव्हता. ऑफिसातल्या बाबूंनी सांगितलं की एकटं प्रकरण परत देता येत नाही. न्यायचा तर सगळा प्रबंध न्यावा लागेल. सरांनी सगळ्या प्रती सुतळीने बांधल्या आणि संध्याकाळच्या गाडीने गोंदियाला परत आणल्या.

नोंदणीला मिळालेली शेवटची मुदतवाढ त्याच वर्षी संपत होती. त्यांचे मार्गदर्शकही वर्षअखेरीस निवृत्त होणार होते. तोवर प्रबंध पुन्हा जमा झाला नसता तर नोंदणी रद्द झाली असती, आणि नव्याने नोंदणी करण्याइतकी सरांची स्वतःची नोकरी उरली नव्हती. मीही त्या दिवशी नागपूरहून त्याच गाडीने परतत होतो. हे सगळं त्यांनी मला गाडीत सांगितलं, गाडी किती उशिराने धावते आहे हे सांगावं तसं.

1999 मध्ये त्यांनी नोंदणी केली तेव्हा मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला त्यांच्याकडे शिकत होतो. पुढे मी एका दैनिकाचा गोंदियाचा वार्ताहर झालो. सुटीच्या दिवशी तार ओढायला माणूस कमी पडला की त्यांचा निरोप यायचा आणि मी जायचो.

त्यांचा विषय भूभौतिकीचा होता. जमीन न खणता तिच्या पोटात काय आहे ते मोजायचं. सरांना मोजायची होती मालगुजारांच्या काळात बांधलेल्या जुन्या तलावांच्या खालच्या बाजूची जमीन. पद्धत सांगायला सोपी होती. चार लोखंडी खुट्या एका सरळ रेषेत ठोकायच्या. बाहेरच्या दोन खुट्यांतून जमिनीत वीज सोडायची, आतल्या दोन खुट्यांवर यंत्राचा आकडा वाचायचा. कोरडा दगड वीज अडवतो, ओली जमीन जाऊ देते. या अडवण्याला ते ‘रोध’ म्हणत. बाहेरच्या खुट्या जितक्या लांब नेल्या तितकं खोलचं कळतं. करायला मात्र हे काम सोपं नव्हतं, कारण गोंदियाच्या पूर्वेला सरळ रेषा कुठेच सापडत नाही. धानाच्या बांध्या म्हणजे लहान खाचरं, त्यांचे वाकडेतिकडे धुरे म्हणजे बांध, मध्येच मोहाचं झाड. सर झाडाला वळसा घालत नसत. रेषा झाडातून जात असेल तर ते पूर्ण रेषा उचलून दुसरीकडे नेत.

उन्हाळ्यात जमीन इतकी वाळलेली असते की खुटी ठोकली तरी वीज आत शिरत नाही. म्हणून खुटीच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतावं लागतं. त्यासाठी त्यांनी गोंदियाच्या स्टेशनबाहेरच्या एका चहावाल्याची जुनी ॲल्युमिनियमची केटली घेतली होती. अंगात पांढरा शर्ट, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, हातात केटली, आणि भर उन्हात ते या खुटीवरून त्या खुटीकडे चालले आहेत, असं ते दृश्य असायचं. मोहफुलं वेचणाऱ्या बायका टोपल्या खाली ठेवून बघत राहत.

“का वो सर,” एकीने एकदा विचारलं, “खुट्यांले चहा पाजून राहिले का?”

“मिठाचं पाणी आहे.”

“बाप्पा! पाहुण्याले बिनसाखरेचा?”

मिठावरून मात्र एकदा भांडण झालं. सडक अर्जुनीकडच्या एका शेतकऱ्याने केटली हिसकावून घेतली. “धानाच्या बांधीत मीठ काऊन टाकून राहिले? कोनाच्या सांगन्यावरून आले?” सरांनी त्याला मिठाचं प्रमाण समजावलं. तो ऐकेना. तेव्हा सरांनी दुसऱ्या डब्यातलं साधं पाणी आणून प्रत्येक खड्डा धुऊन दिला, आणि त्यानंतर प्रत्येक गावात, कुणी न सांगता, काम झाल्यावर खड्डे धुण्याचा नियम केला. याने दिवसाचं काम निम्म्यावर आलं. त्यांच्या मार्गदर्शकांनी हे अनावश्यक असल्याचं त्यांना सांगितलं होतं. सरांनाही ते अनावश्यक आहे हे मान्य होतं. खड्डे ते धूतच राहिले.

‘माहीत नाही’ हे त्यांच्या तोंडचं सर्वांत जास्त ऐकलेलं वाक्य. वर्गात, बाजारात, घरी, सगळीकडे. त्यांच्या पत्नी नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्या एकदा मला म्हणाल्या, “ह्यांना विचारलं, छत्री घेऊ का, पाऊस येईल का? तर म्हणतात, माझ्याकडे आकडा नाही. अहो, ढग डोक्यावर आहेत!” सर शेजारी बसून पेपर वाचत होते. ते म्हणाले, “ढग आहेत हे मी नाकारलं नव्हतं.”

त्यांची आई तिरोडा तालुक्यातल्या गावी राहायची. महिन्यातून एका रविवारी ते तिला भेटायला जात. ती दारातच विचारायची, “झाली का तुही डिगरी?” ते नाही म्हणत. “अरे, म्हैस बी दहा महिन्यात मोकळी होते. तुया पोटात हाये का गोटा?” गावच्या बुद्धविहारात मुलाचा सत्कार करायचं तिने मंडळाकडून कबूल करून घेतलं होतं. कार्यक्रमात भोजन काय असावं हेही तिने ठरवलं होतं. तारीख तेवढी राहिली होती.

आणि सर कुणालाही पाणी सांगत नसत. हे त्यांच्याविषयी पहिल्यांदा कळायचं आणि कुणालाच पटायचं नाही. खुट्या, तारा, यंत्र घेऊन शेतात फिरणारा माणूस पाणी शोधत नाही, यावर कोण विश्वास ठेवेल? आमगावकडच्या एका मोठ्या पोवार शेतकऱ्याने त्यांच्यासाठी जीप पाठवली होती. पाणाडी तळहातावर नारळ उभा धरून शेतात फिरतो, जिथे नारळ हलतो तिथे पाणी सांगतो. या गृहस्थांनी सरांसाठी नारळही आणून ठेवला होता.

“मी पाणी सांगत नाही,” सर म्हणाले.

“सर, तुमी फक्त बोट दाखवा. बाकी आमी पाहून घेतो.”

“मी रोध सांगतो. इथला कमी आहे, तिथला जास्त आहे. त्याचं कारण पाणी असेल, चिकणमाती असेल, आणखी काही असेल.”

“मंग चिकनमाती हाये का पानी, ते सांगा ना.”

“माहीत नाही.”

जीपवाल्याने त्यांना परत सोडलं नाही. ते मुख्य रस्त्यापर्यंत खुट्या खांद्यावर घेऊन चालत आले. बसमध्ये वाहकाने खुट्या बघून म्हटलं, “काका, ये भाले-बिले पीछे रखो, किसी की आँख जाएगी.” सरांनी त्या मांडीवर आडव्या धरून ठेवल्या आणि शेजारच्या दोन्ही प्रवाशांना गोंदिया येईपर्यंत हलता आलं नाही.

चिचगडच्या रस्त्यावर त्यांना पोलिसांनी अडवलं तोही प्रसंग असाच. जंगलाचा भाग, नक्षलवाद्यांचा काळ. अशा ठिकाणी मोटरसायकलवर मागे तारेची रिळं, बॅटऱ्या आणि लोखंडी खुट्या बांधलेला माणूस जात होता. मोटरसायकल मी चालवत होतो. चौकीतल्या हवालदाराने सगळं सामान उतरवून ओळीत मांडायला लावलं.

“हे काय आहे?”

“तार.”

“ते दिसून राहिलं. कायले पायजे?”

सरांनी कायले ते सांगायला सुरुवात केली. मी प्रेसचं कार्ड काढलं, पण हवालदाराला ते पाहण्याची गरज उरली नव्हती. रोधाचं सूत्र ऐकताना त्याचा चेहरा सैल होत गेला होता. शेवटी तो म्हणाला, “एवढं कोनी नाटक नाही करू शकत. जा तुमी.” मग त्याने सरांना थांबवून चौकीमागची विहीर दाखवली. ती आटली होती. नवी कुठे खणावी, असं त्याला विचारायचं होतं.

“मी पाणी सांगत नाही.”

“तं पुन्हा उतरवा सामान,” हवालदार म्हणाला. सरांनी खरंच दोऱ्या सोडायला घेतल्या. तेव्हा तो हसला आणि आम्हाला जाऊ दिलं.

त्या दिवशी आम्ही ज्या गावाला निघालो होतो ते चिचगडच्या पुढे होतं. मोठा तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या, आणि बांध्यांच्या पलीकडे एक टोली, गावाबाहेरची वस्ती. तलावात मासे धरणाऱ्या ढिवरांची घरं या टोलीत होती. टोलीतल्या बायका प्यायचं पाणी गावातल्या विहिरीवरून आणत. बोअरची त्यांची मागणी जुनी होती. सर 2005 च्या होळीआधी तिथे जागा बघून आले, कोणत्या बांध्यांमधून रेषा जाईल ते त्यांनी सरपंचांना दाखवलं आणि महिन्याभराने यंत्र घेऊन येतो असं सांगितलं.

महिन्याभराने आम्ही गेलो. खुट्या नेहमीपेक्षा सहज आत गेल्या. वरची माती वाळून तडकलेली होती, पण खालची मऊ लागत होती. सरांनी टोलीतल्या लोकांना विचारलं की इथे ओल कशी. एक म्हातारा म्हणाला, “हे जमीनच अशी हाये, सर.” बाकीच्यांनी माना हलवल्या.

यंत्रावर जे आकडे आले ते सरांनी पुन्हा घेतले, मग खुट्या काढून पुन्हा ठोकून घेतले. आजूबाजूला रोध जास्त होता, आणि बांध्यांच्या मधून, तलावाकडून टोलीकडे, कमी रोधाचा एक लांबट पट्टा जात होता. त्यांनी हातातली केटली खाली ठेवली. सर कामात असताना बसलेले मी पाहिले नव्हते. त्या दिवशी ते धुऱ्यावर बसले.

मार्गदर्शकांनी या पट्ट्याचा अर्थ लावला. तलाव बांधण्याआधी तिथून एक ओढा वाहत असावा, तो पुढे गाळाने बुजला असावा आणि त्याच्या वाळूत अजून पाणी असावं. जुन्या तलावांखाली असे बुजलेले ओढे असतील तर त्याला महत्त्व होतं. प्रबंधाला कणा मिळाला. तेच चौथं प्रकरण.

2007 मध्ये सर तीच रेषा पुन्हा मोजायला गेले. तशी गरज नव्हती. पट्टा सापडला नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी परत मोजलं, तरी नाही. मार्गदर्शक म्हणाले, पाऊस कमी झाला असेल, ओढ्यातलं पाणी खाली गेलं असेल. सरांनी दोन्ही वर्षांचे आकडे प्रबंधात घातले, हे स्पष्टीकरण मार्गदर्शकांच्या नावाने लिहिलं आणि 2008 मध्ये प्रबंध जमा केला. आईला तिरोड्याला निरोप गेला. तिने विहाराच्या मंडळाला निरोप दिला.

त्यानंतर चारेक दिवसांनी त्या टोलीतली एक बाई महाविद्यालयात आली. पन्नाशीची, मासोळीवाल्या बायकांच्या गटाची म्होरकी. सुनेला गोंदियाच्या दवाखान्यात आणलं होतं, तिथून ती सरांची चौकशी करत आली. मी प्रयोगशाळेत बसलो होतो. ती आत आली, पण बसली नाही.

“सर, आमची बोअर काऊन नाही आली?”

“कसली बोअर?”

“वा! तुमच्या मशीनले पानी दिसलं का नाही? सारे पोट्टे सांगत होते, सर खुस झाले, धुऱ्यावर बसले. मंग तीन वर्स झाले, बोअर कोठी अडकली?”

सरांनी सांगितलं की बोअर देणं त्यांच्या हातात नाही, यंत्र सरकारचं नाही, ते फक्त अभ्यासासाठी मोजत होते. ती ऐकत राहिली आणि मग तिचा आवाज चढला.

“तं आमच्या मासोळ्या काऊन घालवल्या? तुमच्या मशीनले पानी दिसलं पायजे म्हून आमी तलाव उघडला होता! माया मालकानं तुडुम काढला. आठ-धा दिस पाट वाहात होता तुमी दाखवलेल्या बांधीत. बारकी मासोळी सारी वाहून गेली. बगळ्यायची दिवाळी झाली, अना तुमी म्हंता अभ्यास?”

तुडुम म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार. टोलीने असा हिशेब केला होता की साहेब यंत्र घेऊन पाणी तपासायला येणार, यंत्राला पाणी दिसलं तर बोअर मंजूर होणार, नाही दिसलं तर नाही. म्हणून त्यांनी पाणी आधीच आणून ठेवलं. दार बंद केल्यावर उन्हाने वरचा थर वाळला. आतली ओल राहिली.

सरांनी तिला तीन-चार प्रश्न विचारले. पाणी कोणत्या बाजूने सोडलं, किती दिवस, दार केव्हा बंद केलं. तिने सांगितलं तसं ते फळ्यावर खडूने काढत गेले. शेवटी फळ्यावर जो पट्टा उमटला तो चौथ्या प्रकरणातल्या नकाशावरचा होता. त्यांनी तिला चहा मागवला. ती म्हणाली, “चहा नोको, बोअर पायजे,” आणि दवाखान्यात परत गेली.

दुसऱ्या दिवशी ते नागपूरला गेले. मार्गदर्शकांशी झालेलं बोलणं त्यांनी मला गाडीत जसंच्या तसं सांगितलं.

“ती बाई प्रबंध वाचणार आहे का?” मार्गदर्शकांनी विचारलं होतं.

“नाही.”

“परीक्षक त्या गावाला जाणार आहेत?”

“नाही.”

“मग?”

“यंत्र बरोबर होतं, सर. पाणी होतंच. ते कधी आलं हे यंत्राला कळत नाही. मला आता कळलं आहे.”

मार्गदर्शकांनी विचारलं की आता करणार काय. सर म्हणाले, “पुन्हा सोडायला सांगतो.” त्यांचा बेत असा होता: तलाव उघडण्याआधी रेषा मोजायची, पाणी सोडून पुन्हा मोजायची, आणि ओल जमिनीत कशी उतरते व ती बुजलेल्या ओढ्यासारखी कशी दिसते, यावरच नवं चौथं प्रकरण लिहायचं. पावसाळा सुरू व्हायच्या आत हे व्हायला हवं होतं. नंतर सगळीच जमीन ओली.

मे संपत आला होता. टोलीतल्या आंब्याखाली बैठक बसली. सरांनी उभं राहून, वर्गात सांगतात तसं, सगळं सांगितलं: पहिल्या खेपेला काय झालं, त्याने त्यांचा प्रबंध कसा चुकला, आता पाणी का हवं आहे. कुणालाही बोल लावला नाही.

“म्हंजे तलाव पुन्हा उघडाचा?” तोच म्हातारा म्हणाला, ज्याने जमीनच अशी असल्याचं सांगितलं होतं.

“हो.”

“तलावात पानी हाये कोठी? गाई-ढोरं काय पेतील?”

“दार थोडंच उघडायचं. किती ते मी सांगतो.”

“अना मासोळी?”

“जाळी लावू.”

म्होरकीच्या नवऱ्याने मान हलवली. “तवा तुमी मांगतलं नोतं, आमी देल्लं. आता तुमी मांगून राहिले, तं नाही जमत.”

यावर काही जण हसले. सरांनी विचारलं, “काय केलं तर जमेल?”

म्होरकी मागे बायकांमध्ये बसली होती. तिथूनच ती म्हणाली, “जागा दाखवा.”

“कसली?”

“बोअरची. सरपंच म्हंते, जागा पक्की करा, अर्ज मी लावतो. तुमी जागा दाखवा, आमी तुडुम काढतो.”

“मी पाणी सांगत नाही.”

“पानी नोका सांगू. जागा सांगा.”

सर तिथून निघाले आणि तलावाच्या पाळीवर जाऊन उभे राहिले. मी त्यांच्या मागे गेलो नाही. बैठक उठली नाही. कुणी तरी विडी पेटवली, बायकांमध्ये दुसरं बोलणं सुरू झालं. बऱ्याच वेळाने ते परत आले आणि टोलीच्या पश्चिमेला एका पडीक तुकड्यावर गेले. तिथले आकडे त्यांच्याकडे दोन्ही वर्षांचे होते आणि दोन्ही वर्षी सारखे होते. त्यांनी खुटी ठोकली.

“इथे पाणी लागेलच असं नाही,” ते म्हणाले. “मी मोजलेल्या इतर जागांपेक्षा इथे न लागण्याची शक्यता कमी आहे.”

“म्हंजे लागल का नाही?” म्हाताऱ्याने विचारलं.

“माहीत नाही.”

“मानूस हुशार हाये,” म्हातारा बाकीच्यांना म्हणाला. “कोनत्याच बाजूनं सापडत नाही.”

म्होरकीने घरातून नारळ आणला आणि सर नको म्हणत असताना खुटीपाशी फोडला. प्रसाद सर्वांना वाटला. सरांनी घेतला, पण रेषेवरचं काम सुरू होईपर्यंत खाल्ला नाही.

पाणी सोडलं. जाळी लावली. आधीचे आणि नंतरचे आकडे घेतले. दार बंद करून वरचा थर वाळू दिला आणि तिसऱ्यांदा घेतले. पट्टा आला, पहिल्या वर्षीचा तोच. नवं चौथं प्रकरण त्यांनी पावसाळ्यात लिहिलं आणि दिवाळीनंतर प्रबंध पुन्हा जमा केला. मार्गदर्शकांची सही निवृत्तीच्या काही आठवडे आधीची आहे.

तोंडी परीक्षा 2009 मध्ये नागपूरला झाली. ती सर्वांना खुली असते. सरांच्या पत्नी आल्या होत्या, आई तिरोड्याहून आली होती, मी होतो. म्होरकी आपल्या नवऱ्याला घेऊन आली होती. बोअरच्या अर्जाचं विचारायला सरपंचांनी तिला गोंदियाला जिल्हा परिषदेत पाठवलं होतं आणि तिथून सरांनी तिला सोबत घेतलं होतं. बाहेरचे परीक्षक दक्षिणेकडचे होते. त्यांनी बराच वेळ चौथ्या प्रकरणावरच प्रश्न विचारले. 2008 चे आकडे त्यांना मान्य होते. पण 2005 मध्ये पाणी सोडलं होतं याला पुरावा काय?

“यंत्राचा पुरावा नाही,” सर म्हणाले. “सोडणाऱ्यांनी सांगितलं.”

“ते कुठे आहेत?”

सरांनी मागच्या रांगेकडे बघितलं. म्होरकी उभी राहिली. परीक्षकांनी तिला हिंदीत विचारलं की किती पाणी सोडलं होतं.

“बगळे उडून नाही जात होते, इतकं,” ती म्हणाली. “मासोळी माही गेली साहेब, तं मले मालूम नाही राहीन का?”

खोलीत हसू उमटलं. परीक्षकांनी तिच्या बोलण्याचा इंग्रजीत अर्थ विचारून घेतला आणि पुढचा प्रश्न दुसऱ्या प्रकरणावर विचारला. दुपारी पदवीची शिफारस जाहीर झाली. आईने सरांना विचारलं, “आता झाली का पक्की?” ते म्हणाले, “अधिसूचना निघायची आहे.” तिने त्यांच्या पत्नीकडे बघितलं. पत्नी म्हणाल्या, “झाली, आई.” विहारातला सत्कार पुढच्याच महिन्यात झाला. सर तिथे रोधावर बोलले.

बोअरची गाडी टोलीत 2010 च्या उन्हाळ्यात आली. सरांनी दाखवलेल्या जागीच भोक पाडलं. सर सकाळपासून तिथे होते. वर येणारा दगडाचा चुरा ते खोलीप्रमाणे वेगवेगळ्या पिशव्यांत भरत होते. मंजूर झालेल्या खोलीपर्यंत पांढरा कोरडा चुरा येत राहिला. मग गाडीवाल्याने यंत्र बंद केलं. धूळ बसल्यावर म्होरकी पुढे आली.

“तुमाले डिगरी लागली सर,” ती म्हणाली. “आमाले गोटा लागला.”

सर हो म्हणाले. पिशव्या त्यांनी गोंदियाला आणल्या.

त्या वर्षी ते विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले आणि आपल्या प्रबंधाच्या शेवटी एक पान जोडायची परवानगी मागितली. पदवी मिळाल्यावर प्रबंधात बदल करता येत नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. ते तीनदा गेले. शेवटी ते पान न शिवता, मागच्या पुठ्ठ्याच्या आत ठेवू देण्यात आलं. मी ते पाहिलं आहे. त्यावर बोअरची जागा, लागलेल्या दगडाचं नाव आणि बोअर कोरडा गेल्याची नोंद आहे.

2013 मध्ये टोलीला दुसरा बोअर मंजूर झाला. त्या वेळी सरांना कुणी विचारलं नाही. गाडी जिथपर्यंत जाऊ शकत होती तिथे, सडकेच्या कडेला, तो पाडण्यात आला. पाणी लागलं. त्यावर बसवलेला हातपंप एप्रिलच्या अखेरपर्यंत चालतो.